किल्ल्या पडण्याची जागा

पाहिलेली गोष्ट पाहिली नाही, असं मी एकदा एका सज्जन माणसाला सांगितलं. मी आवाज चढवून बोलणारा माणूस नाही, आणि हळू बोलणाऱ्याला लोक खरं बोलणारा समजतात. या समजुतीचा मी आयुष्यभर फायदा घेतला आहे. त्या दिवशीही घेतला. गोष्ट तशी क्षुल्लक होती, एका सिनेमातलं एक दृश्य एवढीच. पण तिच्यामुळे एका घरातल्या बायकांचा सिनेमा कायमचा बंद झाला, आणि तो कोणी बंद केला हे पाव शतक उलटून गेलं तरी मी कोणाला कळू दिलं नाही. निदान मी तसं समजत होतो.

हा सज्जन माणूस म्हणजे अमरावतीतले माझे घरमालक. सगळी अंबापेठ त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. मी नुकताच बी. ए. होऊन तिथल्या एका शाळेत लागलो होतो. मूळचा अकोल्याचा, पण पदवी मिळाल्यापासून वऱ्हाडी बोली मी अकोल्याच्या घरी खुंटीला टांगून ठेवली होती आणि पुस्तकातली भाषा नेसून हिंडत होतो. काकाजींच्या घराची पुढची खोली माझ्याकडे होती. काकाजी एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, स्टोअरकीपर होते. यंत्रांचे पट्टे, तेलाचे डबे, नटबोल्ट असं सगळं त्यांच्या ताब्यात असे, आणि त्या सगळ्याच्या किल्ल्यांचा एक भला थोरला जुडगा त्यांच्या कोटाच्या खिशात. कोट त्या बाजूला कायमचा खाली ओघळलेला. टोपीवर कापसाची तूस. हे गृहस्थ गल्लीत शिरले की आधी जुडग्याचा आवाज येई आणि मग ते येत.

काकाजींना जगातल्या एकाच गोष्टीची धास्ती होती: घरातली चार माणसं एकत्र बसलेली असताना समोर नको ते येऊ नये. हे ‘नको ते’ कुठून येईल याचा नेम नसल्यामुळे त्यांचा पहारा चौफेर होता. वर्तमानपत्र घरात येई ते आधी त्यांच्या हाती, आणि साबणाच्या जाहिरातीतली बाई आतल्या घडीत गेल्याशिवाय ते पुढे जात नसे. एका वर्षी सरकीच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या कॅलेंडरवर तप करणारा ऋषी आणि त्याच्यापुढे नाचणारी अप्सरा निघाली. कॅलेंडर फुकटचं, तेव्हा फेकवेना. काकाजींनी कणकेची खळ करून आपल्या जुन्या धोतराचा एक तुकडा अप्सरेला नेसवला. वर्षभर ती बाई धोतर नेसून नाचली आणि ऋषी बिचारा कशानं विचलित होतो आहे हे कोणाला कळेना. रेडिओच्या बटणावर तर त्यांचा हात कायमचाच असे. गाण्यातली कुठली ओळ कधी येते हे त्यांना पाठ होतं. ती ओळ आली की आवाज खाली जाई आणि पुढच्या ओळीला वर येई. आमच्याकडे गाणी चाळणीतून गाळून ऐकू येत. पुढे ती गाणी दुसरीकडे सबंध ऐकली तेव्हा मला ती उगाच लांबवल्यासारखी वाटली.

काकाजींना कोणी सोवळं म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता. त्यांचं तत्त्व निराळं होतं आणि ते त्यांनी मला ओट्यावर सुपारी कातरत समजावून सांगितलं होतं.

“पाहाले हरकत नाई, मास्तर. संगं पाहाले हरकत हाये.”

या तत्त्वाची खरी कसोटी सिनेमात लागे. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की काकाजी जिनातून परस्पर एकटे जाऊन तो पाहून येत. रविवारी दुपारी घर निघे. याला ते वावर, म्हणजे शेत, पाहून येणं म्हणत. “बायका-पोरं वावरात न्यायची त हीर कुठी हाये ते आंधी पाहून ठेवा लागते,” असं त्यांचं म्हणणं. काही सिनेमे अवघड निघत. त्यांतल्या विहिरी एका फेरीत ध्यानात राहत नसत, आणि ते शनिवारी पुन्हा पाहावे लागत. अवघड सिनेमे कोणते, हे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगत: ज्यात नाचणारी बाई असते ते.

रविवारी सगळे एका बाकावर बसत. टॉकीजमध्ये बायकांसाठी वेगळा वर्ग होता. पण त्यांना तिकडे पाठवलं तर काकाजींच्या तत्त्वाची अंमलबजावणी कोणी करायची? विहीर जवळ आली की काकाजी खिशातला जुडगा काढून बाकाखाली टाकत आणि शांतपणे म्हणत, “किल्ल्या पडल्या, पाहा बरं.” मग काकू, सून, धाकटी मुलगी आणि भाडेकरू मी, असे आम्ही सगळे कमरेत वाकून अंधारात हात फिरवू लागत असू. शेंगांची टरफलं हाताला लागत, पानाच्या पिचकाऱ्या लागत, किल्ल्या मात्र वरचं प्रकरण मिटेपर्यंत लागत नसत. मग काकाजी म्हणत, “सापडल्या,” आणि घर पुन्हा सरळ बसे.

आता वाचकांनी विचारावं, त्या काळच्या सिनेमात झाकण्यासारखं होतं तरी काय. दोन माणसं एका झाडाच्या दोन बाजूंना उभी राहत, आणि प्रकरण फारच पुढे गेलं तर पडद्यावर दोन फुलं एकमेकांवर डुलत. सिनेमावाले माणसं झाकायला फुलं दाखवत. काकाजी फुलं झाकायला किल्ल्या पाडत. नायिकेला मळमळलं की किल्ल्या. तिनं कच्ची कैरी मागितली की किल्ल्या. काकाजींच्या धाकटीची तर अशी पक्की समजूत झाली होती की सिनेमात लग्न लागलं की किल्ल्या हरवतात, आणि त्या सापडेपर्यंत पाळणा हलू लागलेला असतो.

मी या सगळ्याची खोलीवर येऊन नक्कल करत असे. माझे दोन सहकारी शिक्षक मुद्दाम त्यासाठी येत. माझी नक्कल फार चांगली होती, हे आज सांगताना जीभ अडखळते. तिच्यात एकच उणीव होती. त्या बाकावरून वाकलेल्या बायकांना काय वाटतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

ते मला काकूंनी एकदा आपण होऊन सांगितलं. मी काकाजींविषयी काहीतरी शहाणपणाचं बोललो असेन. काकू ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या की या गल्लीत किती घरच्या बाया टॉकीजमध्ये जातात ते मोजून पाहा. मी मनातल्या मनात पाहिलं. एकही नव्हती. मोठमोठ्या वकिलांच्या बायकांनाही सिनेमा म्हणजे आडवी जाणारी जाहिरातीची गाडी, एवढाच ठाऊक होता. “त्या किल्ल्या हायेत म्हून आमी जातो,” काकू म्हणाल्या. “अन् वाकून बी दिसते, बाप्पा. समोरच्या बाकाले फटी असतात.”

सुनेचं सिनेमावर सगळ्यांत जास्त प्रेम. ती दर्यापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरची, एकोणीस-वीस वर्षांची. तिचा नवरा बडनेऱ्याला रेल्वेत होता आणि त्याची ड्युटी सदैव रविवारी. पुढच्या रविवारापर्यंत ती भाकरी थापताना, धुणं पिळताना सबंध सिनेमा पुन्हा चालवत असे. संवादांसकट, धाकटीला समोर बसवून. मी तिला वहिनी म्हणत असे, ती मला भाऊजी.

त्या हिवाळ्यात दर्यापूरला कोणीतरी बातमी पोचवली की तुमची मुलगी सासऱ्याबरोबर सिनेमा पाहते. तिचे वडील, म्हणजे काकाजींचे व्याही, अस्वस्थ झाले. निरोप आला की मी येऊन पाहतो, आणि मला बरं वाटलं नाही तर हे बंद झालं पाहिजे. दुसऱ्या कोणी लपवाछपवी केली असती. काकाजींना उलट आनंद झाला. घरच्यांना घेऊन सिनेमा अब्रूनं पाहता येतो, हे दाखवण्याची संधी त्यांना हवीच होती. येत्या रविवारी आमच्याबरोबर चला, असं त्यांनी व्याह्यांना उलट कळवलं.

पण कापसाचा मोसम. जीन दोन्ही पाळ्यांत चालू, बाहेर गाड्यांची रांग, आणि स्टोअरकीपरला ना शुक्रवारी हलता येणार होतं, ना शनिवारी. काकाजींनी मला बोलावलं आणि त्यांच्या जागी शुक्रवारी वावर पाहून यायला सांगितलं. हा केवढा विश्वास होता हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आली.

“भाऊजी, नीट पाहून या. बाबा येऊन राहिले.”

एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी नीट पाहिलं. त्या सिनेमात अवघड जागा एकच होती. पण ती होती मोठी. लग्नाची पहिली रात्र. फुलांच्या माळा, पलंग, पदर वर करणं, त्यावर एक सबंध गाणं आणि शेवटी नायक फुंकर मारून दिवा घालवतो. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात. चुकणं शक्य नव्हतं.

परत येताना वाटेत माझे दोघे सहकारी भेटले. मी कशासाठी सिनेमाला गेलो होतो हे ऐकून ते पोट धरून हसले. एक म्हणाला, आता जुडगा तुझ्याकडेच येणार, जावई करून घेतील बघ. हे मला लागलं. मी, पुस्तकी भाषा बोलणारा, नव्या विचारांचा माणूस, एका स्टोअरकीपरचा हरकाम्या ठरलो होतो. त्या हसण्यातून सुटायचं तर त्यात सामील व्हायला हवं, आणि सामील व्हायचं तर हसायला काहीतरी मोठं द्यायला हवं. मी त्यांना रविवारी आमच्या मागच्या बाकावर बसा, असं सांगितलं.

काकाजी जिनातून आले. मी हळू, सरळ आवाजात सांगितलं की सिनेमा सात्त्विक आहे. जपण्यासारखी एकच जागा, मध्यंतराच्या आधी, नायिका तुळशीपाशी दिवा लावते ती.

“तुळशीपाशी?” काकाजी म्हणाले.

मी म्हटलं, तिचा पदर जरा वाऱ्यानं उडतो.

काकाजी खिन्न झाले. लोकांनी तुळससुद्धा सोडली नाही, असं म्हणून त्यांनी निःश्वास टाकला. लग्नाच्या रात्रीचं काही, असं त्यांनी आपण होऊन विचारलं. मी म्हटलं, नाही. काही पाहिलं नाही.

रविवारी बाक भरला. कडेला काकाजी, शेजारी व्याही, फेटा बांधून आलेले, मग काकू, वहिनी, धाकटी, आणि दुसऱ्या टोकाला मी. वहिनीनं डोक्यावरून पदर असा घट्ट घेतला होता की जणू परीक्षेला बसली होती. जागा आमची नेहमीचीच, सिनेमाच्या यंत्राच्या खोलीपुढे, शेवटून दुसऱ्या रांगेत. मागे माझे दोघे.

तुळशीवृंदावन आलं. नायिकेनं दिवा लावून हात जोडले. सबंध टॉकीजमधल्या म्हाताऱ्या माणसांनीही हात जोडले. आणि “किल्ल्या पडल्या, पाहा बरं.” घर सवयीनं वाकलं. व्याही आधी गोंधळले आणि मग पाहुणा म्हणून तेही वाकले. मागून कोणीतरी म्हणालं की देवाला पाठ दाखवून काय शोधून राहिले. माझे दोघे खिदळले. किल्ल्या लवकर सापडल्या.

मध्यंतर झालं. व्याह्यांनी चहा घेतला आणि सिनेमा बरा वाटतो, असं म्हणाले. वहिनीनं त्या बाजूला न पाहता पदराचं टोक सोडलं आणि पुन्हा धरलं. मला ते दिसलं. अजूनही वेळ होता. मी उठून काकाजींच्या कानात दोन शब्द सांगू शकत होतो. मी शेंगा खात बसलो.

मग तो पलंग आला. काकाजी निर्धास्त बसले होते. वावर निर्धोक असल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं. पदर वर होईतो त्यांना कळलंच नाही. एका बाकावर सासरा, सून, सुनेचा बाप, सगळे ताठ माना करून समोर पाहत आणि आता मान वळवावी तरी शेजारी माणूस. काकाजींचा हात खिशात गेला. जुडगा कोटाच्या फाटक्या अस्तरात अडकला होता. त्यांनी दोनदा हिसका दिला. किल्ल्या वाजल्या, पण पडल्या नाहीत. गाणं सुरू झालं.

मग काकाजी बाकावर चढले.

यंत्राचा झोत त्यांच्या पाठीवर पडला आणि पडद्यावर एक प्रचंड सावली उभी राहिली, टोपी घातलेली, कोट एका बाजूला ओघळलेला. त्यांनी दोन्ही हात पसरले. पलंग झाकला गेला, माळा झाकल्या गेल्या. टॉकीजमध्ये एकच गदारोळ उठला. बस खाली, अशा आरोळ्या, शिट्ट्या, टरफलांचा मारा. काकाजी हलले नाहीत. गाण्याची तीन कडवी तो माणूस तसा उभा राहिला, समोर पाहत नव्हता, डोळे मिटून घेतले होते. दिवा गेला तेव्हा खाली उतरला.

माझे दोघे हसून बाकावर पालथे पडले होते. मीही हसलो. आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी हसलो नव्हतो. हसता हसता माझं बाजूला लक्ष गेलं, तर वहिनी पडद्याकडे पाहत नव्हती आणि सासऱ्याकडेही पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

व्याह्यांनी भांडण केलं नाही. सायंकाळच्या मोटारीनं दर्यापूरला परत जाताना “चांगलं दाखवता,” एवढेच दोन शब्द बोलले. त्या दिवसापासून त्या घराचा सिनेमा बंद झाला. रात्री काकाजी माझ्या खोलीत आले. मला वाटलं, आता निकाल लागणार. ते माझ्या पायथ्याशी बसले आणि मलाच धीर देऊ लागले.

“तुमची काई चूक नाई, मास्तर. तुमी एकटे गेल्ते. संगं घरचं कोनी नसलं त ते दिसतच नाई.”

त्यांच्या तत्त्वाप्रमाणे हे अगदी बरोबर होतं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सावलीची नक्कल केली; ती फारशी जमली नाही.

पुढे माझी खोली तीच होती, रविवारही तेच होते. दुपारी सिनेमाचा टांगा कर्ण्यातून नव्या चित्रपटाचं नाव पुकारत गल्लीतून जाई. ओट्यावर दाणे निवडत बसलेली वहिनी तेवढ्यापुरती उठून आत जात असे. टांगा गेला की पुन्हा येऊन बसे. धाकटीला समोर बसवून सिनेमा सांगणंही हळूहळू थांबलं, कारण जुने संपले आणि नवे आले नाहीत. वर्षभरात मी अकोल्याच्या शाळेत जागा पाहून निघून गेलो. बदलीचं कारण मी सगळ्यांना आईची प्रकृती असं सांगितलं. आई ठणठणीत होती.

इतक्या वर्षांनी हे सगळं वर येण्याचं कारण म्हणजे टेलिव्हिजन. आमच्या घरी तो आला आणि रविवारच्या सिनेमाला मी, माझी सासू, पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी एका ओळीत बसू लागलो. नव्या विचारांचा मी माणूस. एका रविवारी नायक-नायिका पावसात भिजत गोठ्यात शिरली आणि माझा चष्मा खाली पडला. मी वाकलो, बराच वेळ चाचपत राहिलो. वर आलो तर मुलगी टीव्हीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती.

“बाबा, तुमचा चष्मा नेमका गाणं लागलं की पडतो.”

ती हसत होती. पण तशी नजर मी एकदा पाहिली होती. त्याच आठवड्यात सुटी काढून मी अमरावतीला गेलो, आणि रविवारपर्यंत तिथं थांबून सिनेमाच्या वेळीच काकाजींच्या घरी गेलो.

काकू आता राहिल्या नव्हत्या. वहिनीचे केस पिकले होते. तिनं मला लगेच ओळखलं. काकाजी ऐंशीच्या घरात, ऐकू जवळजवळ येत नाही. आत टीव्ही लागला होता, शेजारपाजारच्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि काकाजी खुर्चीवर, हातात जुडगा. जीन कधीच बंद पडलं होतं, त्या किल्ल्यांनी उघडेल असं कुलूप जगात उरलं नव्हतं. टीव्हीनं मात्र त्यांची पंचाईत केली होती. हा सिनेमा आधी जाऊन पाहून येता येत नव्हता. म्हणून ते संशय आला की किल्ल्या टाकत, आणि संशय त्यांना फार वेळा येई. नायिका बागेत आली, टाकल्या. नायकानं दार लावलं, टाकल्या. कोणीही वाकत नव्हतं. पायाशी बसलेला नातू पडद्यावरची नजर न काढता जुडगा उचलून त्यांच्या हातात परत देत होता.

वहिनी मला चहा द्यायला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी उभ्या उभ्या, माझ्या नेहमीच्या आवाजात, सगळं सांगून टाकलं. ती चहा गाळत राहिली.

“मले माहीत हाये,” ती म्हणाली. “तुमी हासले तवाच समजलं.”

मी विचारलं, मग काकाजींना का नाही सांगितलं?

“कावून सांगू? ते अजून म्हनतात, मास्तर भला मानूस, त्याले संगं घर नोतं. त्याईचा सारा हिशेब त्याच्यावरच उभा हाये.” तिनं कप माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. “टीवी येईपावतर म्या एक सिनेमा पाहिला नाई, भाऊजी. मले सांगून काय होते? त्याईले सांगा. अन् जोरात सांगा. तुमचा आवाज त्याईले जानार नाई.”

ती बाहेर गेली आणि टीव्हीचं बटण फिरवून आवाज पार बंद केला. बायांनी माना वळवल्या. नातवानं वळवली. पडद्यावर कोणीतरी मुक्यानं गात होतं. मी काकाजींच्या खुर्चीपाशी बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात धरला आणि आनंदानं विचारलं, “काय म्हनता, मास्तर?” मी पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. वहिनी दारात उभी होती.

मग मी ओरडलो. त्या वेळी पुस्तकातली भाषा कुठे गेली कोण जाणे. खुंटीवर टांगलेली वऱ्हाडीच खाली आली.

“काकाजी, मले ते दिसलं होतं. त्या सुक्रवारीच दिसलं होतं. म्या तुमाले खोटं सांगतलं, तुमची फजिती पाहाची होती मले. वहिनीचा सिनेमा म्या बंद पाडला. चुकलो, काकाजी. तुमी दोघंही मले माफ करा.”